विजेच्या कामासाठी स्क्रूड्रायव्हर घेताना
मूठ प्लास्टिकची आहे म्हणून कुठलाही स्क्रूड्रायव्हर विजेच्या कामाला चालत नाही. आधी दांडी बघा. तिच्यावर थेट टोकापर्यंत इन्सुलेशन हवं, फक्त पातं उघडं. दांडी उघडी असेल तर बोर्डाच्या आत ती एकाच वेळी फेज आणि अर्थिंगला टेकू शकते, आणि मग भडका ठरलेला. मुठीवर किंवा दांडीवर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्ही असं छापलेलं असावं. आयईसी ६०९०० या विजेच्या कामाच्या हत्यारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची ही ओळख. साध्या दांडीवर टेप गुंडाळून हे काम भागत नाही.

काही स्क्रूड्रायव्हरांवर दोन रंगांचे थर असतात. वरचा खरवडला की आतला रंग दिसतो, म्हणजे तो बाद. मला हेच जास्त पटतात, कारण बारीक चीर एरवी नजरेतून सुटते.

पातं खाचेत घट्ट बसलं पाहिजे. सैल पात्याने टर्मिनलच्या, म्हणजे तार जोडायच्या जागेच्या, पितळी स्क्रूची खाच झिजते, मग तो ना आवळता येतो ना सोडवता. स्विच-सॉकेटसाठी साधारण ३ मिमीचं चपटं पातं पुरतं.

आणि हो, इन्सुलेशन कितीही चांगलं असलं तरी मेन स्विच बंद करूनच हात घाला.