दूरच्या सर्व्हरवर ड्युअल बूट लावताय? या चुका टाळा

रात्रीचे पावणेदोन. मी कोल्हापुरात, सर्व्हर नवी मुंबईत महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये, आणि फोनवर तिथला रात्रपाळीचा मुलगा. "दादा, मेनू आला... गेला. परत तेच, काळ्या स्क्रीनवर कर्नल पॅनिक." म्हणजे लिनक्सचा गाभा, कर्नल, कोसळून मशीन थांबलेलं. कोणती सिस्टिम उठवायची ते विचारणाऱ्या मेनूला मी पाच सेकंद दिले होते. त्याने तीनदा पॉवर बंद-चालू केली, तेव्हा कुठे चौथ्या वेळी खालच्या बाणाचं बटण वेळेत दाबलं गेलं आणि रेस्क्यू सिस्टिम, म्हणजे अडचणीसाठी ठेवलेली दुसरी छोटी सिस्टिम, उठली. ती त्याच डिस्कवर सहा महिने पडून होती आणि लावली होती मीच. फक्त तिच्यापर्यंत पोचायला कुणाचं तरी बोट लागत होतं.

ज्यांच्या मशीनला आयड्रॅक किंवा आयएलओसारखा रिमोट कन्सोल (दुरूनच स्क्रीन-कीबोर्ड हाताळायची सोय) आहे, त्यांनी हा लेख सोडला तरी चालेल. स्वस्तातल्या भाड्याच्या मशीनला बहुधा तो नसतो. तिथे दहा जीबीच्या वेगळ्या पार्टिशनवर छोटं डेबियन लिनक्स बसवून ठेवणं हा चांगला उपाय आहे, पण नीट लावला तरच.

डिफॉल्ट उलटा हवा

सगळ्यात मोठी चूक ही, आणि मीही तीच केली होती. आपण सवयीने मूळ सिस्टिम डिफॉल्ट ठेवतो आणि "बिघडलं तर रेस्क्यू निवडू" म्हणतो. निवडणार कोण? तो मेनू दाखवणाऱ्या बूटलोडरमध्ये, म्हणजे ग्रबमध्ये, 'फॉलबॅक' (एक नोंद फसली तर दुसरी घ्यायची सोय) आहे, पण तो कर्नल लोडच झाला नाही तर कामाला येतो. कर्नल लोड होऊन पुढे कोसळला, तर ग्रबला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून कायमचा डिफॉल्ट रेस्क्यू ठेवायचा आणि मूळ सिस्टिमला दर वेळी एकाच फेरीचं तिकीट द्यायचं. ग्रबच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट 'सेव्ह्ड' करा, 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने रेस्क्यू नोंदवा आणि 'ग्रब-रीबूट'ने पुढच्या एका बूटसाठी मूळ सिस्टिम. ती नीट उठली की सर्वांत शेवटी सिस्टिमडीची (लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) एक छोटी सर्व्हिस पुढचं तिकीट काढते. अर्ध्यात अडकली तर तिकीट निघतच नाही, आणि पुढच्या रीबूटला रेस्क्यू येते.

'सर्वांत शेवटी' म्हणजे नेटवर्क आणि एसएसएच (दुरून लॉगिन करायची वाट) दोन्ही वर आल्यावर. माझी सर्व्हिस आधी डिस्क माउंट होताच चालायची. नेटवर्क मेलेली सिस्टिम स्वतःचं तिकीट काढून मोकळी व्हायची.

शिवाय कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=१०' हवंच. मुळात हा आकडा शून्य असतो. म्हणजे पॅनिक झालं की मशीन तिथेच बसून राहतं, कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत.

ग्रबला लिहिता येतंय का?

तिकिटाची नोंद 'ग्रबएन्व्ह' नावाच्या १०२४ बाइटच्या फाइलीत असते आणि वापरलेलं तिकीट बूट होताना ग्रब स्वतः खोडतो. गोम अशी, की एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेडवरून (डिस्का जोडून-विभागून वापरायच्या पद्धती) ग्रब वाचू शकतो, पण तिथे लिहीत नाही. झेडएफएस फाइलसिस्टिमवरही नाही. तिकीट खोडलं जात नाही आणि 'एकदाच'चं 'कायमचं' होतं. मशीन पुन्हा पुन्हा त्याच मोडक्या सिस्टिमवर जातं आणि आपण इकडे तासभर सर्व्हिसमधली चूक शोधत बसतो. 'बूट' डिरेक्टरीला साध्या डिस्कवर वेगळं ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) पार्टिशन द्या, विषय संपला.

मेनूतली ओळ आकड्याने सांगू नका. नवीन कर्नल आला की क्रम बदलतो. नोंदीचा आयडी वापरा.

डीडीने छापलेली जुळी भावंडं

मूळ पार्टिशनची 'डीडी' कमांडने जशीच्या तशी नक्कल करून तिला रेस्क्यू म्हणणं फार मोहाचं असतं. पाच मिनिटांचं काम. पण दोन्ही पार्टिशनांचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, एकच होतो. ग्रब, एफएसटॅब (कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी), सगळे यूयूआयडीनेच डिस्क शोधतात, मग कोणती सापडेल ते नशीब. एक्सएफएस फाइलसिस्टिम असेल तर ती निदान भांडते तरी, एका यूयूआयडीची दुसरी डिस्क माउंट करायला नकार देतं. ईएक्सटी४ काही बोलत नाही.

यूयूआयडी बदलला तरी सुटका नाही. नकलेत क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) येतो, मेलची रांग येते, डेटाबेस येतो. माझी नकल पहिल्यांदा उठली तेव्हा तिने चार महिन्यांपूर्वी रांगेत अडकलेले मेल इमानेइतबारे पाठवून दिले. एका ग्राहकाला भरून झालेल्या बिलाची आठवण गेली. त्याचा फोन सकाळी सात वाजता आला, तो कसा होता ते सांगत नाही.

रेस्क्यू 'डीबूटस्ट्रॅप'ने (डेबियन नव्याने बसवणारं साधन) कोरी उभी करा. एसएसएच, फाइली उतरवायला आरसिंक, रेडसाठी एमडीएडीएम, एलव्हीएमची साधनं, डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर क्रिप्टसेटअप. बास. तिच्या एफएसटॅबमध्ये मूळ डिस्कचं नावही नको. ती डिस्क मेली असेल तर सिस्टिमडी ९० सेकंद वाट पाहतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन कन्सोलवर रूटचा पासवर्ड मागतं. तो कन्सोल महापेत.

एका म्यानात दोन तलवारी

बूटलोडरचा मालक एकच हवा. रेस्क्यूमध्ये अपडेट चालवलं, तिच्या ग्रबने स्वतःला पुन्हा बसवलं, की तुमची तिकिटाची व्यवस्था गेली. यूईएफआयवर (नव्या मशीनचं फर्मवेअर) दोन्ही डेबियन असतील तर दोघं एकाच नावाच्या फोल्डरमध्ये लिहितात. रेस्क्यूत ग्रबचं पॅकेज ठेवूच नका. तिची नोंद मूळ सिस्टिमच्या '४०_कस्टम' फाइलीत हाताने लिहा. 'ओएस-प्रोबर' शोधून देईल या भरवशावर राहू नका. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून तो मुळात बंदच असतो, त्यामुळे अपग्रेडनंतर रेस्क्यूची ओळ मेनूतून गुपचूप गायब झालेली असते.

नेटवर्कचं थोडक्यात: एका सिस्टिममध्ये कार्डाचं नाव 'ईटीएच०' आणि दुसरीत 'ईएनपी३एस०' असू शकतं, म्हणून सेटिंग मॅक पत्त्यावर बांधा. एसएसएचची होस्ट की (सर्व्हर ओळखायची किल्ली) वेगळी राहू द्या. रेस्क्यूत शिरताना लॅपटॉप बोंब मारेल, पण आपण कुठे उभे आहोत ते लगेच कळेल. तिचा फिंगरप्रिंट मात्र आधीच लिहून ठेवा.

आणि चाचणी. मी रविवारी दुपारी चालू सिस्टिममध्ये मुद्दाम पॅनिक घडवलं. दहा सेकंदांनी मशीन रीबूट झालं आणि आली मूळ सिस्टिमच. अर्थात! तिने उठतानाच पुढचं तिकीट काढलेलं होतं. ही चाचणी काहीच सांगत नाही. खरी चाचणी उठण्याच्या वाटेवर मोडायची. मूळ सिस्टिमच्या कर्नल ओळीत रूट पार्टिशनचा यूयूआयडी चुकीचा लिहिला आणि रीबूट मारला. डेबियनचं इनिटरॅमएफएस (कर्नलसोबत आधी उठणारी तात्पुरती छोटी सिस्टिम) रूट पार्टिशन सापडलं नाही की एरवी शेल उघडून बसतं, पण 'पॅनिक=१०' दिलेलं असलं तर दहा सेकंदांनी रीबूट करतं. पिंग गेलं. चहा ठेवला. चहा उतू जायच्या बेतात असताना पिंग परत आलं, आणि एसएसएच केल्यावर लॅपटॉपने होस्ट की बदलल्याची बोंब मारली.