जुनी होंडा सिटी घेताय? चौथी की पाचवी पिढी ठरवताना या चुका टाळा

माझ्या मेव्हण्याने साताऱ्याहून फोन केला तेव्हा तो भलताच खुशीत होता. "दाजी, सिटी मिळाली. व्ही मॉडेल, २०२१ पासिंग, पेट्रोल, फर्स्ट ओनर. बाजारभावापेक्षा दीड लाख कमी!" टोकनही देऊन झालं होतं. मी एकच विचारलं, "गिअरच्या नॉबवर आकडे किती आहेत?" त्याने फोटो बघून सांगितलं, पाच. म्हणजे गाडी चौथ्या पिढीची, जुन्या मॉडेलची होती आणि तो भाव लावत होता पाचव्या पिढीचा, म्हणजे त्यानंतर आलेल्या नव्या मॉडेलचा. दीड लाख वाचले नव्हते, उलट थोडे जास्तच चालले होते. विकणाऱ्याने कुठेही खोटं लिहिलं नव्हतं. फक्त पिढी सांगितली नव्हती. टोकनचे पैसे काही परत मिळाले नाहीत.

तेव्हापासून नात्यात, ओळखीत कोणी जुनी सिटी घेत असेल तर मी आपणहून सोबत जातो. त्यातून जे शिकलो ते इथे लिहितोय.

पासिंगच्या वर्षावरून पिढी ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून आधी हीच.

चौथ्या पिढीची सिटी आपल्याकडे जानेवारी २०१४ मध्ये आली, पाचवी जुलै २०२० मध्ये. साधारण समज असा की २०२० च्या मध्यानंतरची प्रत्येक सिटी नवी. तसं नाही. पाचवी आल्यावरही चौथी बंद झाली नाही. ती एसव्ही आणि व्ही या दोन व्हेरियंटमध्ये, फक्त पेट्रोल आणि फक्त मॅन्युअल, पुढे २०२३ पर्यंत विकली गेली. पाचव्या पिढीतही व्ही नावाचं व्हेरियंट होतंच. त्यामुळे "सिटी व्ही, २०२१, पेट्रोल मॅन्युअल" या एका ओळीत दोन पूर्ण वेगळ्या गाड्या बसतात.

ओळखायची कशी? पेट्रोल मॅन्युअल असेल तर गिअर मोजा. चौथीला पाच, पाचवीला सहा. मागून पाहिलं तर पाचवीचे एलईडी टेललाइट इंग्रजी झेडच्या आकारात कडेपर्यंत वळलेले दिसतात. आणि ती लांबही आहे: चौथी ४४४० मिलिमीटर, पाचवी ४५४९. जाहिरातीत फोटो अर्धवट असतील तर गाडी बघायला निघण्याआधीच गिअर नॉबचा आणि मागच्या बाजूचा फोटो मागवा. तो पाठवायला टाळाटाळ झाली तर पेट्रोल जाळून जाऊ नका.

"चौथी" ही एकच गाडी आहे असं धरून चालणं

पिढी कळली म्हणजे तुलना झाली असं वाटतं, पण एका पिढीच्या पोटातच दोन-तीन गाड्या असतात. चौथीला फेब्रुवारी २०१७ मध्ये फेसलिफ्ट मिळाली, म्हणजे त्याच गाडीला थोडं नवं रूप. त्यात एलईडी हेडलाइट, नवी टचस्क्रीन आणि वरच्या झेडएक्समध्ये सहा एअरबॅग आल्या. डिसेंबर २०१९ मध्ये पेट्रोल इंजिन बीएस ६, म्हणजे बीएस ४ पेक्षा कडक अशा प्रदूषण निकषाचं झालं. पाचवीला मे २०२२ मध्ये हायब्रिड (पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारा) जोडीदार मिळाला आणि मार्च २०२३ च्या फेसलिफ्टमध्ये साध्या पेट्रोललाही कॅमेऱ्यावर चालणारी होंडा सेन्सिंग सुरक्षा यंत्रणा आली.

म्हणून २०१५ ची चौथी आणि २०२३ ची पाचवी यांची तुलना करून "पिढ्यांमध्ये फारच फरक आहे हो" म्हणण्यात अर्थ नाही. खरी घासाघीस होते ती २०१८-१९ ची वरच्या व्हेरियंटची चौथी आणि २०२०-२१ ची खालच्या व्हेरियंटची पाचवी यांच्यात. तिथे उत्तर सोपं नसतं, आणि तिथेच लोक घाईने "नवी ती चांगली" म्हणून मोकळे होतात.

एअरबॅग मोजून सुरक्षितता ठरवणं

सहा एअरबॅगची चौथी झेडएक्स आणि चार एअरबॅगची पाचवी व्ही शेजारी उभ्या असतील तर बहुतेक जण चौथीकडे झुकतात. मी झुकणार नाही. पाचवीत गाडी घसरायला लागली की चाकांवर आपोआप ब्रेक लावून तिला रेषेत ठेवणारी यंत्रणा मिळते. होंडा तिला व्हीएसए म्हणते. भारतातल्या चौथीत ती नाही. पावसाळ्यात आंबेनळी किंवा वरंध घाटातून गाडी चालवणाऱ्याला याचं मोल सांगायला नको. एअरबॅग अपघात झाल्यावर कामाला येतात, ही यंत्रणा त्याच्या आधी.

चौथीवर अन्याय नको. गाड्यांच्या अपघात चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने तिची चाचणी घेतली तेव्हा मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी प्रत्येकी चार तारे मिळाले होते, अर्थात जुन्या निकषांवर. पाचवीचे जे पाच तारे सांगितले जातात ते आसियान एनकॅपचे, म्हणजे आग्नेय आशियात विकल्या जाणाऱ्या गाडीचे. विक्रेता ते भारतातल्या गाडीचे म्हणून सांगेल, तेव्हा एवढा फरक ध्यानात ठेवा.

डिझेलचा मोह

चौथ्या पिढीतच सिटीला पहिल्यांदा डिझेल मिळालं. १०० पीएसचं, २०० न्यूटन मीटरचं, कागदावर लिटरला २६ किलोमीटर. हा आकडा ऐकून भलेभले विरघळतात. पण तुमचं महिन्याचं रनिंग सातशे-आठशे किलोमीटर असेल तर डिझेल घेऊ नका, कोणत्याही पिढीचं.

कारणं मात्र दोन्हीकडे वेगळी. चौथीचं डिझेल बीएस ४ आहे. यंत्र सोपं, पण केबिनमध्ये आवाज भरपूर. टेस्ट ड्राइव्हला काचा वर करून, गाणी बंद करून ऐका. पाचवीचं डिझेल बऱ्यापैकी शांत आहे, पण ते बीएस ६ असल्यामुळे त्याला काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ आहे. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग काही अंतर एका लयीत पळावी लागते. कोथरूड ते हिंजवडी असं रोज ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाडीचा डीपीएफ तुंबतो. आधीचा मालक गाडी कुठे चालवायचा हा प्रश्न म्हणूनच किलोमीटरच्या आकड्याइतकाच मोलाचा.

आणखी एक. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत म्हणून तिकडची चौथी डिझेल इकडे स्वस्तात दिसते. तिला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र लागतं आणि महाराष्ट्रात पुन्हा पासिंग करताना इथला कर भरावा लागतो. हा खर्च आणि हेलपाटे धरून भाव करा. एनओसी हातात पडण्याआधी पूर्ण पैसे देऊ नका.

नवी आहे म्हणजे ऐसपैस असणारच, हा समज

दोन्ही पिढ्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, एकच, २६०० मिलिमीटर. पाचवी रुंदीला ५३ मिलिमीटर जास्त आहे, त्यामुळे मागे तिघं बसताना खांद्याला बरं वाटतं. पण पाय पसरायला चौथीतही काही कमी नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना प्रत्यक्ष न्या, दोन्ही गाड्यांत चढउतार करायला लावा आणि मग त्यांचं मत ऐका. आणि जुन्या सोसायटीत पार्किंग असेल तर टेप घेऊन जागा मोजा. लांबीतले ते ११ सेंटिमीटर खांबाजवळ वळताना रोज जाणवतात.

दोन गाड्या दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या रस्त्यावर चालवणं

मंगळवारी रात्री रिकाम्या रस्त्यावर चालवलेली पाचवी आणि रविवारी दुपारी डेक्कनवर चालवलेली चौथी यांची तुलना होत नाही. शक्यतो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एसी चालू ठेवून, चार माणसं बसवून चालवा. पुण्याजवळ असाल तर कात्रजचा चढ उत्तम.

इंजिन थंड असताना चालू करायचा आग्रह धरा. तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या. थंड इंजिनातून टकटक आवाज येत असेल तर पेट्रोलला बहुधा टॅपेट सेटिंग (इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट जुळवणं) राहिलेलं असतं. या इंजिनांना ते वेळोवेळी करावं लागतं आणि कमी खर्चाचं काम आहे. घाबरायचं कारण नाही, भाव कमी करायला मात्र उपयोगी. घरघर किंवा साखळीसारखा खडखडाट असेल तर ओळखीच्या फिटरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऑटोमॅटिकमध्ये दोन्ही पिढ्यांना पेट्रोलला सीव्हीटी, म्हणजे ठराविक टप्प्यांचे गिअर नसलेला गिअरबॉक्स आहे. पाय जोरात दाबला की आवाज आधी चढतो, वेग मागून येतो. तो तिचा स्वभावच आहे, बिघाड नव्हे. बिघाड दिसतो तो रांगताना: सिग्नलवरून अगदी हळू निघताना गाडी थरथरली, गचके बसले, रिव्हर्स टाकल्यावर उशिरा पकडलं, तर ती गाडी सोडा. सीव्हीटीचं ऑइल कधी बदललं याची नोंद बिलात बघायचीच. "वेळच्या वेळी बदललंय" हे तोंडी उत्तर चालत नाही.

रस्त्यात एक खराब पट्टाही हवाच. सिटी बसकी गाडी आहे. चार माणसं बसली की मोठ्या स्पीडब्रेकरला खाली घासते. गाडी रॅम्पवर घेऊन इंजिन ऑइलचं चेंबर आणि सायलेन्सरचा पाइप बघितल्याशिवाय सौदा करू नये. कमी वेगात खड्ड्यातून जाताना पुढून खटखट आली तर सस्पेन्शनचे लिंक रॉड किंवा बुश गेलेले असतात. चौथ्या पिढीच्या गाड्यांच्या वयाला हे अपेक्षितच आहे, फक्त त्याचे पैसे कोण देणार ते आधी ठरवा.

रिकॉल न तपासणं

इंधन पंपाच्या दोषासाठी होंडाने भारतात २०२०, २०२१ आणि पुन्हा २०२४ मध्ये गाड्या परत बोलावल्या. त्यांत सिटी होती.  या दोषाने चालत्या गाडीचं इंजिन बंद पडू शकतं किंवा ती सुरूच होत नाही. पंप कंपनी फुकट बदलून देते. आरसीवरचा सतरा अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की काम बाकी आहे का ते कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण मी ज्यांच्यासोबत गेलो त्यांतल्या एकानेही ते आधी केलेलं नव्हतं. बजेटमुळे कोणी तिसऱ्या पिढीची, २०१३ पर्यंतची सिटी बघत असेल तर त्याने टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल नक्की तपासावा. तिथे प्रश्न थेट जिवाचा आहे.

पुराचं पाणी लागलेली गाडी

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली होतं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. तेव्हा बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाजवळ मातीची रेघ किंवा डाग दिसतो का बघा. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात गंज, गाळ शोधा. सीटचे रूळ चाचपा. वास लपवायला गाडीत अत्तर जास्त मारलं असेल तर हे सगळं दुप्पट लक्ष देऊन करा. पाचवीत इलेक्ट्रॉनिक्स जास्त, त्यामुळे पाणी लागलेली पाचवी ही चौथीपेक्षा मोठी डोकेदुखी.

फक्त सांगितलेल्या किमतीची तुलना

समजा, चौथी सहा लाखांना आणि पाचवी नऊ लाखांना मिळतेय. फरक तीन लाखांचा नाही. चौथीला पहिल्या वर्षात चार टायर, बॅटरी, पुढचं सस्पेन्शन, कदाचित क्लच प्लेट किंवा एसीची कॉइल लागू शकते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. त्यावरून टायर मूळचे आहेत की बदललेले ते कळतं, आणि मीटर मागे फिरवलंय का याचाही अंदाज येतो. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी नंबर प्लेट बसवली आहे का ते बघा. पाचवीच्या बाजूला कर्जाचं व्याज मोजा, कारण जुन्या गाडीवरचं कर्ज नव्या गाडीपेक्षा सहसा महाग पडतं. वाढीव वॉरंटी शिल्लक असेल तर ती तुमच्या नावावर होते का हे सर्व्हिस सेंटरलाच विचारा.

या हिशेबानंतर माझं मत असं: शहरात कमी रनिंग आणि रोख पैसे असतील तर २०१७ नंतरची, नीट नोंदी असलेली पेट्रोल मॅन्युअल चौथी घ्यावी. महिन्यातून दोनदा तरी हायवेला निघणाऱ्याने थोडं थांबून, पैसे जमवून पाचवीच घ्यावी. सहावा गिअर आणि व्हीएसए या दोन गोष्टींसाठी ते थांबणं योग्य आहे.

सौद्यानंतरची ढिलाई

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि गाडीवर कर्ज होतं तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा बदलायला अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक भरावा लागेल. त्याचा फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घ्या.

पाचवी घेतली असेल तर एक गोष्ट हमखास राहते. होंडा कनेक्ट अॅपमध्ये जुन्या मालकाचं खाते जोडलेलं असतं आणि त्याला फोनवरून गाडी कुठे उभी आहे ते दिसू शकतं. किल्ली हातात घेण्याआधी, त्याच्यासमोरच, ते खातं काढायला लावा. मेव्हण्याने अखेर चार महिन्यांनी पाचवी व्हीएक्स घेतली तेव्हा आम्ही दोघं विकणाऱ्याच्या घरी चहा पीत हेच करत बसलो होतो.