मूठभर तांदळातून सुवार्ताकार्य: मंडळीत सुरुवात कशी करावी

एका लहान मंडळीला, म्हणजे एका चर्चच्या ख्रिस्ती समाजाला, सुवार्तिकाचा (ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्या प्रचारकाचा) पूर्ण पगार झेपत नाही. आठ-दहा मंडळ्या मिळून तो सहज उचलतात. मिझोराममधल्या मंडळ्यांनी हे ‘बुहफाई थाम’ने, म्हणजे मूठभर तांदळाच्या दानाने, दाखवले. 1910च्या सुमारास तिथल्या स्त्रियांनी स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढायला सुरुवात केली. त्यातून आजही सुवार्ताकार्याला मोठा आधार मिळतो.

प्रत्येक घरी घट्ट झाकणाचा डबा द्या. तांदूळ धुण्याआधीच मूठ काढावी, कारण ओला दाणा बुरसतो. मूठ साधारण 40 ग्रॅमची धरली, तर दोन वेळचे मिळून महिन्याला जवळजवळ अडीच किलो होतात. 40 घरांचे शंभर किलोच्या आसपास.

दर आठवड्याला दोघींनी मिळून गोळा करावे, तिथेच वजन करून वहीत लिहावे. जाडा आणि बारीक तांदूळ वेगळा ठेवा. मिसळला की भाव पडतो. महिनाभरात विका, नाहीतर पोरकिडे होतात. सुकलेली कडुलिंबाची पाने घातली तर बरे.

पैसे मंडळीच्या चालू खर्चात कधीही मिसळू नका. बहुतेक ठिकाणी उपक्रम इथेच मोडतो: छपराची दुरुस्ती निघते, रक्कम तिकडे वळते आणि घरोघरचे डबे रिकामे राहू लागतात. वेगळे खाते, दोन सह्या, तिमाही हिशेब उपासनेत वाचून दाखवणे, एवढे पाळाच. सुवार्तिकाचे पत्रही त्याच वेळी वाचावे. नव्या विश्वासणाऱ्यांच्या शिष्यपणाच्या वर्गासाठी पुस्तके आणि प्रवासखर्च पहिल्या वर्षापासूनच राखून ठेवावा.