जनरेटर की इन्व्हर्टर? आधी टेप काढा

वादळात वीज गेली की घाईघाईने जनरेटर आणला जातो, आणि दाटीच्या वस्तीत तो ठेवायचा कुठे हे नंतर सुचतं. म्हणून खरेदीआधी दोन मोजमापं घ्या.

1. जनरेटरच्या जागेपासून सगळ्यात जवळची खिडकी, शेजाऱ्यांचीसुद्धा. 20 फुटांच्या आत असेल तर जनरेटर विसरा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाल्कनी किंवा गॅरेज तर नाहीच, दार उघडं ठेवूनही नाही.

2. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीचा हिशेब. दोन पंखे 150 वॅट, चार एलईडी 40, राउटर 10, झाले 200. सहा तासांचे 1200 वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण उपसायची नसते, म्हणून दुप्पट करून 12 ने भागा: 12 व्होल्टची 200 अँपिअर-तासांची बॅटरी. लिथियम असेल तर यापेक्षा कमीत भागतं.

फ्रिज यादीत घालायचा मोह होतोच. पण कॉम्प्रेसर सुरू होताना कित्येक पट वीज ओढतो, आणि दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास तसाच थंड राहतो.

जागा असल्याने जनरेटरच घेतलात, तर त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये कधीही खुपसू नका. वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच, बसवून घ्या.