शेड्युलरमधली रेस कंडिशन: दोन ओळींची अदलाबदल

कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, नव्याने शिरणाऱ्यांना मी आधी एक्सव्ही६ उघडायला सांगतो. एमआयटीने २००६ मध्ये शिकवण्यासाठी लिहिलेली ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. शेड्युलरची, म्हणजे कोणती प्रोसेस (चालू प्रोग्राम) कधी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची, फाइल एका बैठकीत वाचून होते. लिनक्सच्या बाबतीत तसं म्हणायची सोय नाही.

आमच्या एका ज्युनिअरने त्यातलं, प्रोसेसला झोपवणारं स्लीप() फंक्शन नव्याने लिहिलं होतं. त्यात रेस कंडिशन शिरली, म्हणजे कोणती घटना आधी घडते यावर निकाल बदलणारा बग. टेस्ट बहुतेक वेळा पास व्हायच्या, मधेच कधीतरी मशीन गप्प. पॅनिक (कर्नलने स्वतःहून थांबणं) नाही, एरर नाही. अशा वेळी आधी कंट्रोल-पी दाबा, प्रोसेसची यादी येते. आमच्याकडे पाईपमधून (दोन प्रोसेसमधला डेटा नेणारा मार्ग) वाचणारी आणि त्यात लिहिणारी, दोन्ही प्रोसेस 'स्लीप'मध्ये! म्हणजे उठवायचं कुणी?

घोळ असा होता: पाईप रिकामा म्हणून वाचणारी प्रोसेस झोपायला निघाली, की कोड पाईपचं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) आधी सोडत होता आणि त्या प्रोसेसचं लॉक मग घेत होता. नेमका त्या फटीत टायमर इंटरप्ट (चालू प्रोसेस थांबवून दुसरीला पाळी देणारा घड्याळाचा इशारा) आला, की लिहिणारी प्रोसेस ५१२ बाइटचा पाईप भरते, वेकअप() करते आणि स्वतः झोपते. वेकअप() फक्त झोपलेल्यांना उठवतं. वाचणारी अजून जागीच असल्यामुळे तिला वगळतं. मग तीही झोपते, कायमची. उपाय म्हणजे त्या दोन ओळींची अदलाबदल. प्रोसेसचं लॉक आधी हातात घ्यायचं, मगच पाईपचं सोडायचं.

पण फट शोधायची कशी? प्रिंटएफ (स्क्रीनवर मजकूर छापणारं फंक्शन) टाकत सुटू नका. त्याने टायमिंग बदलतं आणि बग दडी मारतो. उलट संशय असेल तिथे मुद्दाम रिकामा लूप घालून फट रुंद करा (लूपचं व्हेरिएबल 'व्होलाटाइल' घोषित केलेलं हवं, नाहीतर कंपायलर निरुपयोगी समजून लूपच उडवेल). लूप घातल्यावर आमचं मशीन लगेच अडकायला लागलं. दुरुस्तीनंतरही तो लूप दोन ओळींच्या मधे तसाच ठेवून टेस्ट चालवा. नुसत्या टेस्ट पास झाल्या यावर माझा विश्वास नाही.

लिनक्सकडे वळलात की केसीसॅन हे बग शोधणारं साधन भेटेल. २०२० च्या ५.८ आवृत्तीपासून ते कर्नलमध्ये आहे आणि डेटा रेस, म्हणजे एकाच डेटाचं लॉकशिवाय एकाच वेळी होणारं वाचन-लेखन, छान पकडतं. हा बग मात्र त्याच्या हाती लागला नसता, कारण इथे प्रत्येक वाचन-लेखन लॉकखालीच होतं. चुकला होता तो क्रम.