लैंगिक गुन्हेगारांची नोंद आणि नेमणुकीपूर्वीची पडताळणी

लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीची नोंद आपल्याकडे पोलीस यंत्रणाच करते. केंद्र सरकारने २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय माहितीसंचात अशा व्यक्तीचे नाव, पत्ता, छायाचित्र आणि बोटांचे ठसे असतात; मात्र तो फक्त तपास यंत्रणांनाच पाहता येतो.

त्यामुळे सातारा, कऱ्हाड किंवा फलटण येथे शाळा अथवा पाळणाघर चालवणाऱ्यांनी ही यादी शोधण्यात वेळ घालवू नये. पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) नियम, २०२० नुसार, मुलांशी नियमित संपर्क येणारा कर्मचारी शिक्षक असो, शिपाई असो की कंत्राटी बसचालक, त्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घेणे संस्थेवर बंधनकारक आहे. चारित्र्य पडताळणीच्या दाखल्याची मूळ प्रत पाहावी, झेरॉक्सवर भागवू नये, आणि दाखल्यावरील पत्ता आधार कार्डाशी ताडून घ्यावा. उमेदवार पूर्वी पुण्या-मुंबईला राहिला असेल, तर तिथलीही पडताळणी मागावी. माझ्या मते सर्वांत मोठी फट इथेच राहते. बसचालकासाठी ठेकेदाराचा तोंडी शब्द मुळीच पुरेसा मानू नये.

संशय आल्यास गावात चर्चा न करता थेट पोलीस ठाणे गाठावे, कारण बोलण्याच्या ओघात पीडित मुलाची ओळख उघड होऊ शकते, आणि ती माध्यमांतून प्रसिद्ध करणे हाही शिक्षापात्र गुन्हा आहे.