हुमणीचा हंगाम येण्याआधी: गोल्फच्या हिरवळीची तयारी

हुमणी म्हणजे जमिनीत राहून गवताची मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. तिच्याविरुद्धची सुरुवात औषधाच्या डब्यापासून करू नका, मैदानाच्या नकाशापासून करा. मागच्या हंगामात गवत कुठे पिवळं पडलं, पक्ष्यांनी किंवा रानडुकरांनी माती कुठे उकरली, कोणत्या फेअरवेवर (टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) पायाखाली जमीन भुसभुशीत लागली, हे मैदान सांभाळणाऱ्या माणसांना विचारून नकाशावर उतरवा. पाणी भरपूर मिळणाऱ्या जागांवर वेगळी खूण करा. मादी भुंगेरे ओलसर माती शोधून अंडी घालतात आणि ती अंडी फुगायलाही ओलच लागते.

मग होल कटर काढा, म्हणजे गोल्फचं भोक पाडताना मातीचा गोल तुकडा (गोळा) उचलणारं अवजार. मोजणीसाठी याच्याइतकं सोयीचं अवजार नाही. सव्वाचार इंच व्यासाचा गोळा म्हणजे चौरस फुटाचा जवळपास दहावा हिस्सा, त्यामुळे त्यात सापडलेल्या अळ्यांना दहाने गुणलं की चौरस फुटाचा आकडा मिळतो. एका गोळ्यावर विसंबू नका. हुमणी पुंजक्यांनी असते, म्हणून ठरावीक अंतराने गोळे काढून सरासरी धरा. माती हाताने कुस्करून मुळांलगतचे दोन-तीन इंच नीट पाहा, मग गोळा जागेवर बसवून पाणी द्या. साबणाचं पाणी ओतून हुमणी वर येत नाही. तो उपाय पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी ठीक आहे, इथे वेळ घालवू नका.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग हवंच. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसली की काम संपत नाही. ती उलटी धरून शेवटच्या खंडावरचे केस पाहा. जपानी भुंगेऱ्याच्या अळीवर व्ही अक्षरासारखी छोटी रांग असते, फायलोफॅगा या दुसऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवर दोन समांतर ओळी, तर काहींचे केस नुसतेच विखुरलेले. जात कळली की सहनशीलतेची मर्यादा ठरते. मोठ्या फायलोफॅगाच्या तीन-चार अळ्यासुद्धा चौरस फुटाला जड जातात. जपानी भुंगेऱ्याच्या सहा ते दहा अळ्यांपासून काळजी सुरू होते, पण मुळं खोल असलेलं, पाणी मिळणारं गवत त्याहून जास्तही सोसतं. सोसत असेल तर फवारू नका, हे माझं ठाम मत.

भुंगेरे कधी निघतात याची नोंद संध्याकाळच्या पाळीतल्या माणसाकडे सोपवा. बाकीचं वेळापत्रक त्या तारखेवरून लागतं. क्लोरँट्रॅनिलीप्रोल हे कीटकनाशक मुळांपर्यंत सावकाश पोहोचतं, म्हणून अंडी पडण्याच्या बऱ्याच आधी द्यावं लागतं. इमिडाक्लोप्रिड हे दुसरं कीटकनाशक अंडी घालण्याच्या सुमारास चालतं, पण त्याआधी गवतातली फुललेली तणं कापून टाका, नाहीतर मधमाश्या मरतील. अळ्या मोठ्या झाल्यावर ट्रायक्लोरफॉनसारखं लगेच मारणारं औषध उरतं. ते अल्कधर्मी पाण्यात टाकीतच निकामी होऊ लागतं, म्हणून पाण्याचा सामू (पीएच) आधी तपासा. औषधाची गवतासाठी तुमच्या देशात नोंदणी आहे का, तेही पाहून ठेवा. अळी कोषात जायला खोल उतरली की खाणं थांबतं. त्यानंतरचं फवारणं वाया जातं.

गवताच्या बुडाशी साचलेला वाळक्या काड्यामुळांचा थर अर्ध्या इंचाहून जाड असेल तर औषध तिथेच अडकतं. तो आधी विरळ करा. फवारणीनंतर पाव ते अर्धा इंच पाणी देता येईल अशी स्प्रिंकलरची वेळ मोकळी ठेवा. पंप सुरू होतो का, नोझल तुंबलेत का, हेही आदल्या दिवशीच बघा.

औषधाऐवजी सूत्रकृमी, म्हणजे हुमणीला मारणारे सूक्ष्म कृमी, वापरणार असाल तर तयारी थोडी निराळी. हेटेरोऱ्हॅब्डायटिस या प्रकारच्या सूत्रकृमींची पाकिटं थंड जागी ठेवा. वापरण्याआधी चिमूटभर पाण्यात सोडून, थोडा वेळ जाऊ देऊन भिंगाखाली पाहा. जिवंत असतील ते वळवळतात, सगळे सुईसारखे सरळ पडून असतील तर ते पाकीट परत करा. फवारणी यंत्रातल्या बारीक जाळ्या काढा, जमीन आधी भिजवा आणि ऊन उतरल्यावरच सोडा. ऊन आणि कोरडी माती त्यांना मारते.

शेवटी प्रत्येक फेअरवेवर एक अरुंद पट्टा बिनफवारणीचा सोडा आणि त्यावर खुंट्या ठोका. तीन-चार आठवड्यांनी दोन्हीकडे होल कटरने मोजा. दोन्ही आकडे सारखेच आले, तर ते औषध पुन्हा मागवू नका.